लेबल खरवडलेली बाटली

पत्र:
"माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. १५०० मीटर धावते. जिल्ह्यात पहिली आली, विभागात दुसरी. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा आहे. मी सातपूरला कंपनीत पॅकिंगला जाते, मिस्टर अंबडला मशीनवर आहेत. गेल्या आठवड्यात तिची किटबॅग धुवायला काढली तर तळाशी काचेची छोटी रिकामी बाटली निघाली. लेबल खरवडून काढलेलं. आत थेंबभर औषध, पाण्यासारखं. विचारलं तर म्हणाली, 'बी-ट्वेल्व आहे गं, रिकव्हरीसाठी. सगळ्याच घेतात.' मैदानावर एक सर येतात. ते तिचे कोच नाहीत. थर्मासमध्ये बर्फ घालून आणतात आणि तिथेच इंजेक्शन देतात. दोनदा घेतलंय म्हणते. आता पूर्ण कोर्सचे बारा हजार मागितलेत. मिस्टर म्हणतात, ऑलिम्पिकवालेसुद्धा घेतात, आपण नाही घेतलं तर मागेच राहणार. मेडल आलं तर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी लागेल. तिला चार महिने पाळीही आलेली नाही. ती म्हणते, धावणाऱ्या मुलींचं असंच असतं. मी घरात एकटी पडले आहे. शिवाय प्रोटीन पावडर मागते आहे, ती द्यावी का तेही सांगा."
– एक आई, सातपूर (नाशिक)

ताई,

दोन गोष्टी आजच करा. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. आणि ती बाटली फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, मुलीच्या हाती लागणार नाही अशी ठेवून द्या. मैदानाचं नाव तुम्ही कळवलं होतं, ते मुलीसाठी इथे गाळलं आहे.

तुम्ही लिहिलेल्या बारकाव्यांतच बरंचसं उत्तर आहे. बी-ट्वेल्वचं इंजेक्शन लाल असतं. कुठल्याही मेडिकलमध्ये दाखवायला सांगा, काचेतून डाळिंबाच्या रसासारखं दिसतं. तुमच्या बाटलीतला थेंब पाण्यासारखा होता. बी-ट्वेल्वला बर्फाचा थर्मासही लागत नाही. सतत थंड ठेवावी लागणारी आणि धावपटूंच्या आसपास फिरणारी इंजेक्शनं म्हणजे ईपीओ आणि ग्रोथ हार्मोन. शिवाय व्हिटॅमिनच्या बाटलीचं लेबल कुणी नखाने खरवडत बसत नाही. आत नेमकं काय होतं ते प्रयोगशाळाच सांगेल, पण ते बी-ट्वेल्व नव्हतं असं धरूनच पुढची पावलं टाका.

ईपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन. आपली मूत्रपिंडं ते स्वतःच तयार करतात आणि त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी तयार होत राहतात. किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना ते बाहेरून द्यावं लागतं, कारण त्यांचं रक्त भरत नाही. धडधाकट मुलीला दिलं की पेशी गरजेपेक्षा वाढतात, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो, शेवटच्या लॅपला पाय जड पडत नाहीत. त्याचबरोबर रक्त दाट होतं. घाम गाळून, पाणी कमी पिऊन पळणाऱ्या शरीरात दाट रक्ताची गुठळी हृदयात किंवा मेंदूत अडकू शकते. रुग्णाला हे औषध देताना डॉक्टर ठरावीक दिवसांनी हिमोग्लोबिन मोजतात आणि त्यावर डोस ठरवतात. मैदानाच्या कडेला थर्मास उघडणारा माणूस यातलं काहीही मोजत नाही.

म्हणून पहिली खेप डॉक्टरांकडे, आणि तीही याच आठवड्यात. जिल्हा रुग्णालयात गेलात तरी चालेल. एमबीबीएस डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवा आणि काही लपवू नका: दोन इंजेक्शनं, बिनलेबलची बाटली, थांबलेली पाळी, सगळं सांगा. सुई नवीन होती का, की एकाच सुईने दोघीतिघींना दिलं, हे मुलीला शांतपणे विचारा. सुईबद्दल जराही शंका असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घ्या. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मुलगी काहीही सांगो, त्या माणसावर भरवसा ठेवता येत नाही, एवढंच.

पाळीचं तर मला इंजेक्शनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. "धावणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे वाक्य मैदानांवर सर्रास ऐकू येतं आणि त्यापायी कितीतरी मुलींच्या तब्येतीची नासाडी झाली आहे. पाळी थांबणं म्हणजे शरीराने खर्च कापायला सुरुवात केली, असा इशारा असतो. मुलगी जेवढं पळते तेवढं खात नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांकडे वळतं. मग नडगीला बारीक फ्रॅक्चर होतात आणि अख्खा हंगाम हातचा जातो. दुसरी शक्यता म्हणजे तिला आधीपासून काही हार्मोन दिलं जात असेल. स्टिरॉइडने, म्हणजे पुरुषी हार्मोनसारखं काम करून स्नायू वाढवणाऱ्या औषधाने, मुलींची पाळी जाते, आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात आणि घोगरा झालेला आवाज औषध थांबवलं तरी मागे फिरत नाही. आवाज किंवा मुरुमं यांत काही बदल दिसतो का, तेही बघा. डॉक्टर आधी गर्भधारणेची साधी तपासणी सांगतील. तो नेहमीचा रिवाज आहे, अपमान मानू नका.

या तपासण्यांबरोबर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन मोजून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. वयात येणाऱ्या धावपटू मुलींचा वेग अडकतो तेव्हा पुष्कळदा कारण इथे सापडतं, आणि "रिकव्हरी" विकणाऱ्यांना ही थकलेली मुलगी बरोबर ओळखता येते. साठा कमी निघाला तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, डब्यात हरभरे, पालेभाजी, वर लिंबू पिळून, आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. खात असाल तर मटण आणि कलेजी. काही महिन्यांत फरक दिसतो. लोहाच्या गोळ्यांवर कुठलीही बंदी नाही आणि हा सगळा खर्च बारा हजारांच्या जवळपासही जात नाही.

आता पुढचा भाग मिस्टरांना वाचून दाखवा.

दादा, तुम्ही म्हणता तसं ऑलिम्पिकवालेही घेतात, हे खोटं नाही. तुमच्या मुलीच्याच शर्यतीचं बोलू. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या १५०० मीटरमध्ये सुवर्ण आणि रौप्य तुर्कस्तानच्या दोन मुलींनी नेलं. पहिल्या नऊ जणींपैकी पाच जणी पुढे डोपिंगपायी बाद झाल्या. सुवर्णविजेती अस्ली चाकिर अल्पतेकिन हिचं पदक २०१५ साली गेलं आणि आठ वर्षांची बंदी आली. तिला पकडलं ते रक्ताच्या पासपोर्टने. यात औषध शोधत बसत नाहीत. त्याच खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवतात आणि आकडे आपसूक होणार नाहीत असे वरखाली झाले की जाब विचारतात. तिसरी आलेली बहरीनची मरियम युसूफ जमाल आज त्या शर्यतीची सुवर्णविजेती आहे. चौथी आलेली रशियाची धावपटू तर २०२४ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी बाद झाली. घेणाऱ्या होत्या, बरोबर. त्यांच्याकडे आज काय उरलंय, तेही बघा.

आपल्याकडचं उदाहरण अंजू बॉबी जॉर्जचं. २००५ साली मोनॅकोला जागतिक ॲथलेटिक्स फायनलमध्ये लांब उडीत तिला रौप्य मिळालं होतं. पहिली आलेल्या रशियन खेळाडूचा त्याच वर्षीचा जपून ठेवलेला नमुना पुढे नव्या पद्धतीने तपासला, तो दोषी निघाला, आणि २०१४ मध्ये अंजूचं रौप्य सुवर्ण झालं. नमुने दहा वर्षांपर्यंत राखून ठेवता येतात. आज जे औषध यंत्राला दिसत नाही ते पाच वर्षांनी दिसतं. म्हणजे तुमची मुलगी सोळाव्या वर्षी जे घेईल त्याचा जाब तिला पंचविसाव्या वर्षी, नोकरीत असताना, कदाचित पदरी लेकरू असताना द्यावा लागू शकतो.

आणि "व्हिटॅमिन आहे" हे वाक्य जुनं आहे. पूर्व जर्मनीत सरकारनेच १९७० आणि ८० च्या दशकांत कोवळ्या वयाच्या जलतरणपटू आणि धावपटू मुलींना निळ्या गोळ्या दिल्या. ओरल-ट्युरिनाबोल नावाचं ते स्टिरॉइड होतं. मुलींना सांगितलं जात होतं की व्हिटॅमिन आहे. पदकांचा पाऊस पडला. पुढे त्याच मुली यकृताचे, हृदयाचे, गर्भाशयाचे आजार घेऊन कोर्टात उभ्या राहिल्या आणि २००० साली त्या देशाचे क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड दोषी ठरले. त्यांना शिक्षा झाली, पण मुलींचं गेलेलं आरोग्य परत आलं नाही.

पाच टक्के आरक्षणाचं म्हणाल तर ती ओढ मला कळते. ज्या घरात महिन्याचा पगार महिन्यातच संपतो तिथे एका प्रमाणपत्रावर सरकारी नोकरी ही लहान गोष्ट नाही. डोपिंग आपल्याकडे खालपर्यंत झिरपलं त्याचं एक मोठं कारण हेच आहे, असं माझं मत आहे. २०२३ मध्ये पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त भारताचं होतं, ३.८ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत चाचणी घेणारे अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि पुरुषांच्या १०० मीटर फायनलला फक्त एकच धावपटू रेषेवर उभा राहिला. स्पर्धा राज्य पातळीवरची होती, ऑलिम्पिक नव्हतं. पण हिशेब नीट मांडा. चाचणीत दोषी ठरलं की त्या स्पर्धेतलं पदक आणि निकाल रद्द होतो. रद्द झालेल्या पदकाचं प्रमाणपत्र पडताळणीला कसं टिकणार? वर नेहमीची शिक्षा चार वर्षांची. त्या काळात स्पर्धाच काय, क्लबबरोबर सराव करण्यावरही बंदी असते. सोळा ते वीस ही तिच्या पायांची उमलायची वर्षं आहेत.

सावरपाड्याची धावपटू कविता राऊत याच जिल्ह्यातली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाईला त्याच शर्यतीत रौप्य. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून सैन्यात गेला, तिथे वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला पोचला. दोघेही वर्षानुवर्षांच्या सरावाने तिथवर गेले. बारा हजारांच्या कोर्सवर तो पल्ला गाठता येत नाही.

ताई, आता पुन्हा तुमच्याशी. खेळाच्या जगात एक नियम आहे, तो मुलीला पाठ असायला हवा: अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे नंतर. २०११ मध्ये भारताच्या महिला ४ बाय ४०० रिले संघातल्या मुली स्टिरॉइडमध्ये सापडल्या. आदल्या वर्षी याच रिलेने राष्ट्रकुल आणि आशियाई दोन्ही सुवर्णं आणली होती. मुली म्हणाल्या, परदेशी प्रशिक्षकांनी आणून दिलेलं जिनसेंग आम्ही घेतलं. प्रशिक्षकांना काढलं, पण मुलींची बंदी सुटली नाही. क्रीडा लवादाने ती एकावरून दोन वर्षांवर नेली. क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली ती खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनमुळे. ते औषध आपल्याकडे घराघरांत असतं. सर्दी-कंबरदुखीला गल्लीतले काही डॉक्टर पटकन दुसऱ्या प्रकारच्या स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देतात, तेही स्पर्धेच्या काळात चालत नाही. सूज उतरवायच्या लघवीच्या गोळ्या तर कधीच चालत नाहीत. म्हणून मुलीला एक सवय लावा. डॉक्टरांना सांगायचं, "मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होऊ शकते." औषधाचं पाकीट हातात घ्यायचं, त्यातले घटक 'नाडा'च्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या 'नो युवर मेडिसिन' ॲपवर बघायचे आणि मगच गिळायचं. बंदीची यादी दर १ जानेवारीला नवी होते, तेव्हा गेल्या वर्षी चाललेलं यंदा चालेलच असं नाही. आजारासाठी बंदी असलेलं औषध खरोखर लागत असेल तर त्याची रीतसर सूट आधी मागता येते.

डोपिंग रोखायचं कसं, यावर जगभर मोठी यंत्रणा उभी आहे. 'वाडा' ही जागतिक संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली, आपल्याकडे २०२२ चा कायदा आहे, मोठ्या खेळाडूंना रोजच्या एका ठरलेल्या तासात आपण कुठे सापडू ते आगाऊ कळवावं लागतं. हे सगळं हवंच. पण चाचणी शेवटच्या टोकाला होते आणि औषध पहिल्या टोकाला दिलं जातं, सकाळी साडेसहाला मैदानाच्या कडेला. तुमच्यासारख्या आईने किटबॅग उघडली म्हणून हा प्रकार बाहेर आला. हे काम कुठलीही प्रयोगशाळा करू शकली नसती.

आणि नियम या बाबतीत मुलीच्या बाजूने आहेत, हे नीट समजून घ्या. सोळा-सतरा वर्षांची, आंतरराष्ट्रीय खुल्या गटात न खेळलेली आणि नियमित चाचणीच्या यादीत नाव नसलेली मुलगी जागतिक नियमावलीत संरक्षित धरली जाते. तिची मोठी चूक नव्हती हे पटलं तर शिक्षा नुसत्या समजेपासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत असू शकते, आणि तिला मदत करणाऱ्या मोठ्या माणसांची चौकशी आपोआप लागते. अशा मुलीला स्टिरॉइड किंवा ईपीओसारखं औषध देणाऱ्या प्रशिक्षकावर तहहयात बंदी येते. स्वतःहून पुढे येऊन सांगणाऱ्याची आणि पुरवणाऱ्याचं नाव देणाऱ्याची शिक्षा कमी करण्याची तरतूदही आहे. मुलगी सुटेलच असं वचन मी देत नाही. पण बोललं तर वाट आहे आणि लपवलं तर ती दोनच जणांच्या हातात राहते, थर्मासवाल्याच्या आणि नशिबाच्या.

तेव्हा डॉक्टरांचे कागद हातात आले की मुख्य कोचना भेटा, मिस्टरांना बरोबर घेऊन. "तुम्हाला माहीत होतं का?" असा सरळ प्रश्न विचारा आणि उत्तरापेक्षा चेहरा बघा. ते मनापासून हादरले तर तुम्हाला साथीदार मिळाला. "एवढं काही नसतं हो" म्हणाले तर मैदान बदला; नाशिकला मैदानांचा तुटवडा नाही. मग 'नाडा'ला लेखी कळवा, बाटलीचा फोटो जोडून. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय नाशिकमध्येच आहे, तिथेही तक्रार द्या. डॉक्टर नसताना अल्पवयीन मुलीला सुई टोचणं हा गुन्हा आहे, तेव्हा पोलिसांत जायचा मार्गही मोकळा आहे. "सगळ्याच घेतात" असं मुलगी म्हणाली ना? त्या सगळ्यांच्या आया शोधा. एकटीने जाण्यापेक्षा चारजणींनी जाणं वेगळं.

राज्य स्पर्धेतून यंदा नाव मागे घ्या. ऐकायला कठीण आहे, मला माहीत आहे, आणि मुलगी रडेल. चाचणी चुकवण्यासाठी हे सांगत नाही. अंगात काय गेलंय ते माहीत नसताना जीव तोडून पळणं तिच्या हृदयाला धोक्याचं आहे, आणि मिळालेलं पदक तिचंच आहे असं तिला स्वतःलाही म्हणता येणार नाही.

मुलीशी बोलताना तिला गुन्हेगार करू नका. "तू का घेतलंस?" असं विचारलंत की ती तोंड मिटेल. "तुला काय सांगून दिलं त्यांनी?" असं विचारा. हा प्रश्न तिला बोलतं करेल, कारण त्यात फसवणारा दुसरा आहे हे आधीच आलं. तिने घेतलं कारण तिला जिंकायचं होतं आणि मोठ्या माणसावर विश्वास होता. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, त्यांचा गैरफायदा त्याने घेतला. पुढे कुणी काही पुढे केलं तर तिने एवढंच म्हणावं: "पाकीट द्या, घरी दाखवून उद्या सांगते." खरं औषध देणारा पाकीट देतो.

पुढेमागे तिला कधी चाचणीला बोलावलं तर न घाबरता जावं. अठरा वर्षांखालील खेळाडूला बरोबर मोठं माणूस नेण्याचा हक्क आहे. तपासणारी बाई असेल, लघवी तिच्या समोर द्यावी लागते, हे आधी सांगून ठेवा म्हणजे मुलगी गांगरणार नाही. सीलबंद किट तिनेच निवडायचं, ए आणि बी बाटल्यांत नमुना तिनेच ओतायचा, झाकणं तिनेच लावायची, नंबर जुळवायचे. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली प्रत्येक गोळी लिहायची, लोहाचीसुद्धा.

प्रोटीन पावडरचं राहिलं. तिला गरज नाही. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे, दही आणि पोटभर भाकरी यांतून १५०० मीटर धावणाऱ्या मुलीचं भागतं. ती सध्या पोटभर खात नसावी, ते आधी दुरुस्त करा. डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे म्हणून आत बंदीचं काही नाही असं होत नाही, तो नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा आहे. आहारतज्ज्ञांनी लिहूनच दिली तर प्रत्येक बॅच तपासून शिक्का दिलेली घ्या, बिल आणि रिकामा डबा जपून ठेवा. जिममध्ये सुटी, पुडीत बांधून मिळणारी पावडर घरात येऊ देऊ नका.